एका चिन्हाची गोष्ट
चांदवडकर मंडळी, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून जुना लॅपटॉप भंगारात काढू नका. आधी बॅकअप घ्या, पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चालवून बघा. वायफाय, आवाज, मराठी टायपिंग जमलं तरच इन्स्टॉल करा.

'फुकटचं, मग भरवशाचं कसं?' उत्तर : कोड रिव्ह्यू, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्यानं तपासून मंजूर करणं. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या कोडच्या एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी घुसडल्या. त्या कोडच्या भाषेत तुलनेला बरोबरची दोन चिन्हं लागतात. तिथे एकच होतं. तेवढ्यानं साधा वापरकर्ता थेट संगणकाचा मालक झाला असता! पण बदलाला मंजुरीची नोंदच नव्हती, म्हणून चोरी पकडली गेली.

आग्रा रोडवर ट्रक मागे घेताना क्लीनर 'बस्स, बस्स!' ओरडतो, ड्रायव्हर रुसतो का? मग रिव्ह्यूत कुणी आपली चूक दाखवली तर आपण का रुसायचं?