जन्मखुणांचे मूळ

नवजात अर्भकाच्या कपाळावर तांबडा चट्टा अगर पाठीवर काळसर, केसाळ डाग दिसला, की सुइणीपासून सोयऱ्यांपर्यंत सर्वांची दृष्टी आईकडे वळते. ग्रहणात तिने विळी हाती धरली होती काय, डोहाळे पुरविले नव्हते काय, अशी उलटतपासणी सुरू होते, आणि ओल्या बाळंतिणीच्या माथी जन्मभराचा दोष मारला जातो. आनुवंशशास्त्राचा पहिला निवाडा या मातेच्या बाजूने आहे.

उपजत त्वचादोषांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील दोष आईबापांकडून येतच नाही. गर्भ वाढत असता, एका पेशीपासून अनेक पेशी होत असता, एखाद्याच पेशीच्या जनुकात बदल घडतो. संस्थानी दप्तरात एखाद्या कारकुनाने नक्कल उतरताना एक अक्षर चुकवावे, त्या नकलेवरून निघालेल्या प्रत्येक कागदात ती चूक कायम राहावी, आणि मूळ दस्तऐवज मात्र शाबूत असावा, तसाच हा प्रकार. बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेड ब्लाश्को यांनी १९०१ साली अशा दोषांच्या रेषा रेखून दाखविल्या. त्या ना मज्जातंतूंच्या मार्गाने जातात ना रक्तवाहिन्यांच्या, कारण भ्रूणावस्थेत त्वचेच्या पेशी ज्या वाटांनी पसरल्या त्यांचेच ते चित्र आहे. हा बदल सर्व पेशींत असता तर गर्भ जगलाच नसता, असा सिद्धान्त रुडॉल्फ हाप्पल यांनी १९८७ मध्ये अशा काही विकारांविषयी मांडला. पुढे २०१३ साली चेहऱ्यावरील मद्यवर्णी, म्हणजे गडद तांबड्या, डागाच्या मुळाशी जीएनएक्यू जनुकातील एका अक्षराचा फरक आढळला. मोठ्या उपजत तिळांपैकी बहुतेकांत एनआरएएस जनुक बदललेले असते. कपाळावर व पापणीवर पसरलेला मद्यवर्णी डाग क्वचित डोळ्यातील दाब वाढवितो, झटकेही आणतो. म्हणून तो केवळ रूपाचा प्रश्न समजून सोडून देऊ नये.

दुसरा वर्ग खरोखरच वंशपरंपरेचा. काही अर्भके ताणलेल्या चकचकीत पापुद्र्यात गुंडाळल्यासारखी जन्मतात. काही आठवड्यांत पापुद्रा गळतो आणि बहुधा खाली खवलेदार त्वचा उरते. यांपैकी अनेकांत टीजीएम१ जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात, एक आईची व एक बापाची. दोघेही स्वतः निरोगी असतात, परंतु प्रत्येक बाळंतपणात धोका चारात एक असतो. नात्यातील लग्नांत अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. अक्कलकोट तालुक्याचेच पाहा; त्याची शीव कर्नाटकास भिडलेली. या मुलखात आते-मामेभावंडांच्या, क्वचित मामा-भाचीच्याही सोयरिकी रूढ आहेत. एकाच पूर्वजाकडून आलेली एकच प्रत अपत्यास दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता पहिल्या नात्यात सोळात एक, दुसऱ्यात आठात एक. जमीन घरात राहावी म्हणून जोडलेल्या नात्यात सदोष प्रतही घरातच राहते.

तेव्हा डाग दिसताच प्रश्न एकच विचारावा: हा दोष एका पेशीचा, की कुळाचा? तो एका पेशीचा ठरल्यास बहुतेक घरांत पुढील अपत्याची धास्ती मिटते व मुलीच्या लग्नातील हरकत निराधार ठरते. कुळाचा ठरल्यास पुढील गर्भाची तपासणी वेळेवर होऊ शकते. पालघर येथून २०१३ सालीच सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांचे जन्मजात दोष तपासले जातात, आणि सोलापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही अक्कलकोट तालुक्यास दूर नाही. अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिरात बाळाला स्वामी समर्थांच्या पायांवर जरूर घालावे. त्याचबरोबर त्याची त्वचा तज्ज्ञास दाखवून निदानाचा लेखी दाखला घरी ठेवावा, आणि तो सासरच्या मंडळींस मोठ्याने वाचून दाखवावा.