डेम्पो जिंकत होता तेव्हा...

मामांचा फोन सकाळी सातच्या आत वाजला की आमच्या घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. मामांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, रक्तदाब आहे आणि डिचोलीच्या जुन्या घरात ते आणि मामी दोघेच असतात. २०२४ च्या उन्हाळ्यात असाच एकदा फोन वाजला. मी धडपडत उचलला. पलीकडून आवाज आला, "पेपर वाचलास?"

"नाही मामा, अजून आला नाही. काय झालं?"

"अरे, आपण परत आलो!"

आपण म्हणजे कोण आणि परत कुठे, हे कळायला मला अर्धे मिनिट लागले. डेम्पो स्पोर्ट्स क्लब दुसऱ्या विभागातून वर चढून पुन्हा आय-लीगमध्ये खेळणार, अशी ती बातमी होती. पेपर आल्यावर मी क्रीडापान उघडले. आयपीएलच्या रकान्यांखाली, खालच्या कोपऱ्यात ती सापडली. एकेकाळी याच क्लबाचा सामना असला की आमच्या घरी जेवणाची वेळ बदलत असे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित सांगावे लागेल की गोव्यात फुटबॉल म्हणजे काय चीज आहे. मुंबईच्या गल्लीत पोरे जसा रबरी चेंडू आणि फळकूट घेऊन उभी राहतात, तशी आमच्याकडे भातकापणी झाली की रिकाम्या शेतात दोन दगड ठेवून गोल उभे करतात. या खेळाला मोठे करणारे क्लब उभे राहिले ते बरेचसे खाणींच्या पैशावर. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून लोहखनिजाच्या बार्जा मुरगावकडे जात आणि त्याच उद्योगातली घराणी क्लब चालवत. साळगावकर १९५६ पासूनचा, वास्कोचा. डेम्पोची मुळे मात्र आमच्या डिचोलीत. इथे १९६१ साली निघालेला क्लब त्या दशकाच्या अखेरीस डेम्पो समूहाने घेतला. त्यामुळे मामा आजही ठामपणे सांगतात, "क्लब मुळात आमचा. त्यांनी फक्त नाव दिलं."

दोन घरे, दोन क्लब

आमची आत्या वास्कोला दिलेली. तिचे यजमान बंदरावर नोकरीला आणि हाडाचे साळगावकरवाले. डेम्पो-साळगावकर सामना असला की आठवडाभर मामा आणि काका एकमेकांशी फक्त कामापुरते बोलत. काकांकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते. भारताचा कर्णधार झालेला गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकरचा. फेडरेशन चषक गोव्यात पहिल्यांदा आणला तो साळगावकरने. १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा पहिला गोमंतकीय क्लबही साळगावकरच, आणि त्या संघात ब्रुनो कुतिन्हो होता. मामा यावर एवढेच म्हणत, "आमचे दिवस येतील."

मी पहिल्यांदा फातोर्ड्याला गेलो तो मामांचे बोट धरून. मडगावजवळचे ते नेहरू स्टेडियम १९८९ साली सुरू झाले होते आणि अजून नव्यासारखे होते. डिचोलीहून पणजी, पणजीहून कदंबाची बस बदलून मडगाव. जुवारीचा पूल आला की मामा खिडकी उघडायला सांगत, पाण्याचा वास यावा म्हणून. मैदानाबाहेर मिरचीभजी आणि पाव, आत कागदाच्या पुडीत भाजलेले शेंगदाणे. सामना संपल्यावर मडगावात गाड्यावर रॉस ऑम्लेट, ते मात्र डेम्पो जिंकला तरच. हरला तर सरळ घरी. त्या वयात माझी डेम्पोवरची निष्ठा बरीचशी त्या ऑम्लेटवर पोसली गेली, हे कबूल करायला हवे.

मामांचे दिवस आले ते नव्या शतकात. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक झाले आणि गोव्याच्याच मुलांभोवती त्यांनी संघ बांधला. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, पुढे महेश गवळी. जोडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो. २००४-०५ आणि २००६-०७ ची राष्ट्रीय लीग. मग तिचेच आय-लीग असे बारसे झाल्यावर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. आठ मोसमांत पाच वेळा देशाचे विजेतेपद. कोलकात्याच्या बड्या क्लबांनाही त्या काळात हे जमले नाही. २००८ मध्ये हा संघ आशियाई पातळीवरच्या एएफसी चषकात उपान्त्य फेरीपर्यंत गेला. २०११-१२ च्या मोसमात एकट्या रँटीने लीगमध्ये ३२ गोल केले.

पण मामांना विचारले की डेम्पोची सर्वांत मोठी आठवण कोणती, तर ते यातली एकही सांगत नाहीत. ते ५ डिसेंबर २००४ हा दिवस सांगतात. रविवार होता. बंगळुरूला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन खेळाडूने डेम्पोचे दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. तो कोसळला तो पुन्हा उठलाच नाही. डेम्पोने चषक जिंकला आणि ज्याने जिंकून दिला तो गेला. मी तेव्हा पणजीला नोकरीत होतो. संध्याकाळी मामांना फोन केला तर मामींनी उचलला. म्हणाल्या, "ते परसात बसलेत. जेवले नाहीत." त्याच मोसमात पुढे डेम्पोने पहिली राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा मामांनी पेढे वाटले, आणि पहिला पेढा देवापुढे ठेवताना त्या परक्या मुलाचे नाव घेतले. फुटबॉलचे हे असे असते. ज्याचे गाव आपल्याला नकाशावर दाखवता येत नाही, तो आपल्या देवघरापर्यंत येतो.

हरणे आणि नसणे

उतरण लागली ती हळूहळू. गोव्यातल्या खाणी २०१२ साली बंद पडल्या. डेम्पो समूहाने आपला खाण व्यवसाय त्याआधीच, २००९ मध्ये विकला होता. जुने खेळाडू थकले, रँटी कोलकात्याला गेला, कुलासोही गेले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि एफसी गोवा नावाचा नवा संघ उभा राहिला. झिको प्रशिक्षक, रॉबेर पिरेस मैदानात, आणि फातोर्ड्याचे तेच स्टेडियम दिव्यांनी उजळलेले. त्याच मोसमात पाच वेळचा विजेता डेम्पो आय-लीगमधून खालच्या विभागात ढकलला गेला.

मामा तेव्हा रोज चिडलेले असत. प्रशिक्षकावर चीड, बचावफळीवर चीड, पंचांवर तर विचारूच नका. पण त्या चिडण्यात जीव होता. पुढच्या वर्षी डेम्पोने दुसरा विभाग जिंकला तेव्हा ते म्हणाले, "बघ, ताप उतरला." आणि मग २०१६ मध्ये ते घडले. सुपर लीग हीच देशाची अव्वल स्पर्धा होणार, आय-लीग तिच्याखाली जाणार आणि खालून वर चढायला दार नसणार, अशी योजना महासंघाने मांडली. खेळाडूंचे पगार, देशभरचा प्रवास, हा सगळा खर्च करून वरच जाता येणार नसेल तर खेळायचे कशासाठी, असा प्रश्न गोव्याच्या क्लबांनी विचारला. साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेम्पो राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. गोव्याच्या लीगपुरते तेवढे खेळत राहिले.

क्लबांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. मामांनाही ते पटत होते. पण त्यांचे चिडणे थांबले आणि ते मला जास्त जाणवले. संघ हरतो तेव्हा कुणाला तरी शिव्या घालता येतात, पुढच्या रविवारची वाट पाहता येते. संघ मैदानातूनच गेला की चिडायचे कुणावर? मामांच्या घरात क्रीडापान न उघडताच रद्दीत जाऊ लागले. वास्कोच्या काकांची तीच गत. एका लग्नात दोघे शेजारी बसले होते. आयुष्यभर भांडलेली ही दोन माणसे पहिल्यांदाच एका बाजूची झाली होती आणि दोघांनाही ते मुळीच आवडले नव्हते.

त्यानंतर सुरू झाला आठवणींचा मोसम. मामांच्या ओट्यावर संध्याकाळी चार समवयस्क जमत. बेटोचा तो पास, क्लिफर्डची ती फ्रीकिक. दर वर्षी गोल थोडा लांबून मारलेला असे आणि प्रेक्षक थोडे वाढलेले असत. "स्टेडियममध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती," हे वाक्य तर ठरलेलेच. मीही माना डोलावत असे. माझ्याही आठवणीतले फातोर्डा खच्चून भरलेलेच होते.

मामांचा कबुलीजबाब

एकदा माझ्या मुलाने, तेव्हा तो नववीत होता, मध्येच विचारले, "आजोबा, एवढी गर्दी होती तर क्लबाला परवडलं का नाही?"

ओट्यावर शांतता पसरली. पोराने उर्मटपणे विचारले नव्हते, हिशेब विचारला होता. मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ईस्ट बंगाल, मोहन बागान आले की गर्दी. आपण आणि साळगावकर असलो की गर्दी. बाकी, दुपारच्या मॅचला... सावलीची बाजू तेवढी बसलेली असायची."

"आणि तुम्ही?"

"मी? शेवटी शेवटी टीव्हीवरच बघत होतो रे. गुडघे दुखायचे."

मला त्या क्षणी माझाही हिशेब आठवला. पाच विजेतेपदांच्या त्या सगळ्या वर्षांत मी मैदानावर जाऊन किती सामने पाहिले? दोन्ही हातांची बोटेही लागली नसती. पणजी ते मडगाव काही विलायतेचा प्रवास नव्हे. पण कधी ऑफिस, कधी पाहुणे, कधी नुसताच कंटाळा. डेम्पो काय, जिंकतोच आहे. आपण गेलो नाही तर त्याचे काय अडते? घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल आपण जसे धरून चालतो ना, की आहेत, राहणारच आहेत, पुढच्या सुट्टीत भेटू, अगदी तसेच.

गोव्याच्या क्लबांची ही अवस्था आमच्यासारख्यांच्या न जाण्याने झाली, असे मी म्हणणार नाही. महासंघाची धोरणे, टीव्हीचा पैसा, खाणींचे अर्थकारण, या गोष्टी आमच्या ओट्याहून पुष्कळ मोठ्या आहेत. एफसी गोवाला दोष देण्यातही अर्थ नाही. त्यांनी फातोर्ड्याला पुन्हा माणसे आणली, चषक आणले, आणि माझा मुलगा त्यांचाच आहे. तो त्याच्या मित्रांबरोबर सामन्याला जातो, दर वेळी जातो, हरले तरी जातो. त्याच्यापुढे आमच्या सुवर्णकाळाच्या गोष्टी सांगताना अलीकडे मला थोडी लाज वाटते, एवढेच.

गतकाळाची ओढ वाईट नाही. ती नसती तर आठ वर्षे राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिलेल्या क्लबाची कोपऱ्यातली बातमी मामांना सकाळी सातच्या आत सापडलीच नसती. पण त्या ओढीत एक सोय असते, हेही खरे. आठवणीतल्या सामन्याला तिकीट लागत नाही, बस बदलावी लागत नाही, ऊन लागत नाही, आणि निकाल आधीच माहीत असतो.

दरम्यान, २०२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगचे दार उघडले. डेम्पो परतला तेव्हा प्रशिक्षक होता समीर नाईक, त्याच सोन्याच्या दिवसांतला बचावपटू. २०२४-२५ च्या त्या मोसमात एका दुपारी मी मामांना गाडीत घालून सामन्याला नेले. जुवारीवर आता नवा, उंच पूल झाला आहे. मामांनी तरीही काच खाली करायला लावली. मैदानावर गेल्यावर त्यांनी खेळाकडे न बघता आधी प्रेक्षक मोजायला घेतले. सावलीची बाजू बसलेली होती, बाकी सगळे मोकळे. नवी मुले, अनोळखी चेहरे, मामांना एकाचेही नाव ठाऊक नाही. पहिली पंधरा मिनिटे ते गप्प होते. मग आपल्या बचावपटूने चेंडू सोडला आणि मामा काठी आपटून उभे राहिले, "अरे, झोपला आहेस काय!"

पुढच्या बाकावरची तीन पोरे मागे वळून हसली. मामांनी शेंगदाण्याची पुडी त्यांच्यापुढे धरली.

परतताना मी विचारले, "मामा, पुढच्या मॅचला यायचं?"

"विचारतोस काय," ते म्हणाले. "गुडघ्यांना मी सांगतो. तू फक्त गाडी आण."