वय नव्हे, दिवसाचा हिशेब



मी डॉक्टर नव्हे. विडी कामगारांत वावरलेला माणूस. आमच्या धंद्यात मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते, म्हणून माणसाची ताकद वयावरून मोजू नये हे लवकर कळते. सत्तरीची एखादी बाई भरपूर विड्या वळते, साठीची दुसरी थोड्यातच थकते. दोघींना कर्करोग झाला, तर नुसते वय पाहून औषधाची मात्रा ठरवावी काय?

१९६३ साली अमेरिकेत कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा गोष्टी पाहण्याची रीत मांडली: स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. १९६९ मध्ये लॉटन व ब्रॉडी यांनी बाजारहाट, स्वयंपाक, पैशांचा व्यवहार, औषधे वेळेवर घेणे अशी आठ कामे सांगितली. बहुधा घसरण प्रथम ह्या दुसऱ्या यादीत दिसते.

ह्याचा उपयोग काय? २०२१ साली अमेरिकेतील ७१८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्व सत्तरीचे व त्यापुढचे, रोग पसरलेला. दैनंदिन कामे, चाल, स्मरण, आहार यांचा अहवाल ज्यांच्या डॉक्टरांना मिळाला, त्यांच्यांत गंभीर दुष्परिणाम ५१ टक्क्यांना झाले. इतरांत ७१ टक्क्यांना. आरंभीची मात्रा अनेकदा कमी दिली गेली, तरी आयुष्य घटले नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही वृद्धांची अशी तपासणी होते.

मात्र प्रश्न आपल्या घराला शोभेलसे हवेत. सुनेच्या हाती चूल गेलेल्या आजीला ‘स्वयंपाक करता का?’ विचारून काय कळणार? ‘वेळ आली तर करू शकाल का?’ असे विचारावे. जन्मात चुलीपाशी न बसलेल्या आजोबांना विचारावे, ‘महाशिवरात्रीला आपला प्रतापगड चढलात का? गेल्या साली चढला होतात का?’

एकदा एका वृद्ध कामगारासोबत मी दवाखान्यात गेलो होतो. प्रत्येक प्रश्नाला मुलगाच उत्तर देई, ‘बाबा सगळे स्वतः करतात.’ म्हातारा गप्प. परतताना मला म्हणाला, ‘रात्री परसाकडे जायला हात धरावा लागतो, पण सांगितले तर औषध बंद करतील.’

हे भय घालविले पाहिजे. हा हिशेब औषध तोडण्यासाठी नव्हे, ते झेपेल असे देण्यासाठी आहे. म्हणून दवाखान्यात जाण्यापूर्वी घरी बसून लिहा: काय एकट्याने होते, कशाला आधार लागतो, काय सुटले. आणि उत्तर म्हाताऱ्यालाच देऊ द्या.