मनातील ठसे

छापखान्यात ठसा एकदा ओतला की त्याच मजकुराच्या हजारो प्रती निघतात. नवी जुळणी करावी लागत नाही. मनुष्याचे मनही पुष्कळदा असेच काम करते. म्हणूनच अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली लोकसमूहांविषयीच्या साचेबंद समजुतींना मुद्रणकलेतील त्या ठशाचेच नाव दिले.

असे ठसे केवढा अनर्थ घडवितात, हे ऑगस्ट २०१२ मध्ये बंगळूर शहराने पाहिले. जुलैत आसामच्या कोक्राझार भागात बोडो आणि बंगालीभाषिक मुसलमान यांच्यात दंगे झाले होते. त्यांचा सूड बंगळुरातील ईशान्य भारतीयांवर उगवला जाणार, अशी अफवा भ्रमणध्वनीवरील संदेशांतून पसरली. हजारो विद्यार्थी, पहारेकरी व उपाहारगृहांतील कामगार रेल्वे स्थानकावर लोटले. गुवाहाटीकडे खास गाड्या सोडाव्या लागल्या.

पळणाऱ्यांत मणिपूर, नागालँडचे लोकही होते. त्या तंट्याशी त्यांचा काय संबंध? परंतु चेहरा पाहून सर्वांना एकाच नावाने हाक मारणारे लोक संकटसमयी हा भेद करतील, असा भरवसा त्यांना कसा वाटावा? अफवेला दुसऱ्या ठशाचेही बळ मिळाले: एका ठिकाणचा मुसलमान म्हणजे सगळीकडचा मुसलमान!

‘आमच्या मनात असे काही नाही,’ असे पुष्कळजण प्रांजळपणे म्हणतील. तथापि पॅट्रिशिया डिव्हाइन या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग येथे विचारात घेण्याजोगे आहेत. कृष्णवर्णीयांविषयीच्या रूढ समजुती सूचित करणारे शब्द तिने गोऱ्या विद्यार्थ्यांपुढे इतक्या झरझर चमकविले की ते वाचताही येईनात. तरी पुढे एका माणसाची संदिग्ध वागणूक त्यांना अधिक आक्रमक भासली. पूर्वग्रह बाळगणाऱ्यांना आणि न बाळगणाऱ्यांनाही. मात्र विचारास अवसर मिळताच दुसऱ्या वर्गातील विद्यार्थ्यांनी तो ठसा दूर सारला. ठसा आपोआप उमटतो. त्यावर विश्वास ठेवणे आपल्या हाती असते.

सतराव्या शतकात शहाजीराजांबरोबर बंगळुरी गेलेली मराठी माणसेही तेथे परकीच होती. आज आपल्या इमारतीच्या दारावरील पहारेकऱ्यास ‘नेपाळी’ म्हणण्यापूर्वी त्याचे नाव व गाव विचारावे. मुलांच्या देखत तर अवश्य विचारावे. कारण घरातील मोठ्यांच्या बोलण्यातूनच त्यांच्या मनातील ठसे ओतले जातात.