शब्द एक, अर्थ अनेक : ‘इंटरेस्ट’

बँकेच्या व्यवहारात ‘इंटरेस्ट’ या शब्दाइतका परिचित इंग्रजी शब्द क्वचितच आढळेल. ठेवीची पावती, कर्जाचा करारनामा, पासबुकातील नोंद अशा सर्व ठिकाणी तो भेटतो आणि ‘इंटरेस्ट म्हणजे व्याज’ हे समीकरण मनात पक्के बसते. तथापि हे समीकरण नेहमीच खरे ठरत नाही. ज्या कागदावर ग्राहकाची सही असते, त्याच कागदावर हा शब्द कधी कधी व्याजाहून निराळ्या अर्थाने येतो. अशा वेळी अर्थाची गफलत महागात पडू शकते. म्हणून या शब्दाची नीट ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

शब्दाचा जन्म

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. दोहोंच्या मध्ये असणे, यावरून ‘फरक पडणे, महत्त्वाचे असणे’ हा अर्थ निष्पन्न झाला. ज्या गोष्टीमुळे आपल्याला फरक पडतो, तिच्यात आपला ‘इंटरेस्ट’ असतो. रस, हित, हक्क व व्याज हे चारही अर्थ या एकाच मुळातून फुटले आहेत.

मध्ययुगीन युरोपात कर्जावर वाढ घेणे चर्चने निषिद्ध मानले होते. मात्र कर्जदाराने पैसे वेळेवर परत न केल्यामुळे धनकोचे जे नुकसान होई, त्याची भरपाई मागण्यास मुभा होती. या भरपाईला ‘इंटरेस्से’ म्हणत. कालांतराने हेच नाव कर्जाच्या मोबदल्याला मिळाले. ‘युझरी’ हा जुना शब्द मात्र अवाजवी, पिळवणुकीच्या व्याजासाठी राहिला.

आपल्या ‘व्याज’ या शब्दाची कथाही कमी रंजक नाही. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे निमित्त, बहाणा किंवा कपट. स्तुतीच्या आडून निंदा करणाऱ्या ‘व्याजस्तुती’ अलंकारात तो अर्थ आजही जिवंत आहे. मराठी व गुजरातीत ‘व्याज’, तर हिंदीत ‘ब्याज’ हा शब्द पैशाच्या व्यवहारात रुळला. बंगालीत त्यालाच ‘सुद’, कन्नडमध्ये ‘बड्डी’ आणि तमिळमध्ये ‘वट्टी’ म्हणतात.

अर्थ ओळखण्याची किल्ली

इंग्रजीत या शब्दाच्या सोबत येणारे छोटे अव्यय बहुधा अर्थ सांगून जाते.

‘इंटरेस्ट ऑन’ म्हणजे व्याज. ‘इंटरेस्ट ऑन डिपॉझिट’ म्हणजे ठेवीवरील व्याज. ते सरळ असू शकते किंवा चक्रवाढ. एक लाख रुपये द.सा.द.शे. ८ दराने तीन वर्षे ठेवले, तर सरळ व्याज २४,००० रुपये होते. दर तिमाहीस चक्रवाढ केल्यास तेच सुमारे २६,८२४ रुपये होते.

‘इंटरेस्ट इन’ म्हणजे रस किंवा हक्क. ‘इंटरेस्ट इन म्युझिक’ म्हणजे संगीताची आवड. परंतु ‘इंटरेस्ट इन प्रॉपर्टी’ म्हणजे मालमत्तेची आवड नव्हे, तर मालमत्तेतील हक्क व हितसंबंध. खरेदीखतात येणारी ‘राइट, टायटल अँड इंटरेस्ट’ ही शब्दावली याच अर्थाची आहे.

‘इन द इंटरेस्ट ऑफ’ म्हणजे हितासाठी. ‘पब्लिक इंटरेस्ट’ म्हणजे जनहित. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ३५ए अन्वये रिझर्व्ह बँक निर्देश देते, तेव्हा ‘इंटरेस्ट्स ऑफ डिपॉझिटर्स’ हे शब्द आढळतात. तेथे ठेवीदारांचे व्याज नव्हे, तर हित अभिप्रेत असते. आणखी एक खूण ध्यानात ठेवावी : अनेकवचनी ‘इंटरेस्ट्स’ आले की त्याचा अर्थ बहुधा छंद किंवा हितसंबंध असतो, व्याज सहसा नसतो.

‘सिक्युरिटी इंटरेस्ट’ : सावध राहण्याची जागा

सन २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याच्या नावातच ‘सिक्युरिटी इंटरेस्ट’ हे शब्द आहेत. तारण दिलेल्या मालमत्तेत धनकोच्या बाजूने निर्माण झालेला हक्क, असा त्याचा अर्थ. कर्ज थकीत होऊन अनुत्पादक ठरले म्हणजे कलम १३(२) अन्वये नोटीस येते. तीत हे शब्द वाचून ‘व्याज तेवढे भरले की झाले’ असा समज करून घेणारा कर्जदार मोठ्या अडचणीत सापडू शकतो. कारण त्या नोटिशीत ६० दिवसांत संपूर्ण देणे फेडण्याची मागणी असते आणि न फेडल्यास तारण मालमत्तेचा ताबा घेण्याचा अधिकार बँकेला मिळतो.

नोटिशीवर कर्जदार लेखी म्हणणे मांडू शकतो. ते ग्राह्य नसल्यास बँकेने १५ दिवसांत कारणांसह कळविणे बंधनकारक आहे. पुढे ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शेतजमिनीवरील ‘सिक्युरिटी इंटरेस्ट’ला हा कायदा लागू होत नाही.

घर विकत घेणाऱ्यालाही या शब्दाची ओळख हवी. तारण हक्कांची नोंद ठेवणारी ‘सेरसाई’ ही केंद्रीय नोंदणी व्यवस्था २०११ पासून कार्यरत आहे. तेथे शुल्क भरून कोणाही नागरिकाला शोध घेता येतो. विक्रेत्याच्या घरावर आधीच एखाद्या बँकेचा ‘इंटरेस्ट’ आहे काय, हे इसार देण्यापूर्वी पाहणे श्रेयस्कर.

आणखी काही प्रयोग

‘इन्शुरेबल इंटरेस्ट’ म्हणजे विमायोग्य हितसंबंध. ज्याच्या हानीने आपले आर्थिक नुकसान होते, त्याचाच विमा आपल्याला उतरविता येतो. ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ म्हणजे हितसंबंधांचा संघर्ष. स्वतःच्या नातलगाच्या कर्जप्रस्तावावर निर्णय घेण्यापासून अधिकाऱ्याने दूर राहावे, ते याचसाठी. ‘व्हेस्टेड इंटरेस्ट’ वर्तमानपत्रात ‘स्वार्थी हितसंबंध’ या अर्थाने येतो, परंतु मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये त्याचा अर्थ ‘निहित हक्क’ असा, पूर्णतः निर्दोष आहे.

बोलताना व लिहिताना दोन चुका टाळाव्यात. ‘मला या योजनेत रस आहे’ हे सांगताना ‘आय अ‍ॅम इंटरेस्टेड’ म्हणावे. ‘आय अ‍ॅम इंटरेस्टिंग’ म्हटल्यास ‘मी मोठा मनोरंजक आहे’ असा अर्थ होतो! तसेच ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही असा, तर ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, अर्थात निःपक्षपाती. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ असावा, ‘अनइंटरेस्टेड’ नव्हे.

बँकेच्या कोणत्याही कागदावर हा शब्द दिसला, की ‘येथे व्याज, हित की हक्क?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर न मिळाल्यास सही करण्यापूर्वी शाखेतील अधिकाऱ्यांकडून अर्थ समजावून घ्यावा. तो समजावून देणे हे त्यांचे कर्तव्य आहे आणि विचारणे हा ग्राहकाचा अधिकार आहे.