विश्लेषण : महासंगणकात मेंदू मावेल का?

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातले मुरंबा हे डॉ. विजय भटकर यांचे जन्मगाव. अमेरिकेने भारताला महासंगणक नाकारल्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार केला. एकाच बलाढ्य प्रोसेसरऐवजी अनेक प्रोसेसरनी काम वाटून घ्यायचे, हे त्यामागचे तत्त्व. जगभरातील शास्त्रज्ञ आज याच तत्त्वावर चालणाऱ्या महासंगणकांवर मेंदूतील पेशींच्या जाळ्याची प्रतिकृती उभारत आहेत.

हे काम चालते कसे?

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि एकेका पेशीच्या हजारो जोडण्या. संगणकात प्रत्येक पेशी समीकरणांच्या रूपात मांडली जाते. पेशीतील विद्युतदाब ठरावीक पातळी ओलांडतो, तेव्हा ती जोडलेल्या पेशींना संदेश पाठवते. हा हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात पुन्हा पुन्हा करावा लागतो. समीकरणे तशी सोपी; पण साऱ्या जोडण्या स्मृतीत ठेवणे आणि संदेश वेळेत पोहोचवणे कठीण.

मजल कुठवर गेली?

२०१३ मध्ये जपानी व जर्मन शास्त्रज्ञांनी जपानच्या ‘के’ महासंगणकावर १७३ कोटी पेशी आणि १०.४ लाख कोटी जोडण्यांचे जाळे चालवले. मानवी मेंदूतील पेशींच्या तुलनेत हे प्रमाण जेमतेम दोन टक्के. ८२,९४४ प्रोसेसर कामाला लावूनही मेंदूतील एका सेकंदाच्या हालचालीसाठी ४० मिनिटे लागली. शिवाय जोडण्या यादृच्छिक होत्या. त्यामुळे हे जाळे ‘विचार’ करत नव्हते. आपला मेंदू मात्र सुमारे २० वॅटवर, म्हणजे एका लहान बल्बइतक्या विजेवर चालतो.

मग उपयोग काय?

जिवंत माणसाच्या मेंदूत करता न येणारे प्रयोग प्रतिकृतीत करता येतात. एखादी जोडणी कमकुवत केली तर काय बिघडते, हे पाहता येते. पुण्याच्या आयसरमध्ये डॉ. सुहिता नाडकर्णी यांचा गट अशाच प्रतिकृतींद्वारे पेशींमधील जोडण्या आणि अल्झायमरमध्ये त्यांत होणारे बिघाड अभ्यासतो. त्याच संस्थेत २०१९ पासून ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही आहे.

रुग्णांनी काय लक्षात घ्यावे?

प्रतिकृती म्हणजे उपचार नव्हे. तिच्यातून निघालेला अंदाज आधी प्रयोगशाळेत, नंतर रुग्णांवरील चाचण्यांत टिकावा लागतो. तेव्हा ‘संगणकाने मेंदूचे कोडे सोडवले’ असा संदेश मोबाइलवर आला, तरी फिट्स किंवा विस्मरणाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.