व्यायामाची मात्रा

पक्षाघाताच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्टकडून घरच्यांच्या दोनच अपेक्षा असतात: हातपाय चोळावेत आणि माणूस लवकरात लवकर चालता करावा. पण नुसत्या चोळण्याने मेंदूचा तुटलेला हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. घाईचं म्हणाल, तर २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत पाच देशांतले २१०४ रुग्ण होते. साधारण निम्म्यांना २४ तासांच्या आत, नेहमीपेक्षा जास्त वेळा पलंगावरून उठवलं गेलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ४६ टक्के बऱ्या स्थितीत होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांतले ५० टक्के. मेहनत तीच, पण अवेळी आणि जादा झाली की बाधते. म्हणून या पेशातलं खरं कसब मात्रा ठरवण्याचं आहे, असं मी मानतो.

खुर्चीतून उठणंच घ्या. रुग्ण सगळा भार चांगल्या पायावर टाकून, चांगल्या हाताने कठडा ओढत उभा राहतो आणि घरचे खूश होतात. फिजिओ मात्र दुबळ्या बाजूला बसते, टाचा गुडघ्यांच्या मागे घ्यायला लावते, रुग्णाला पुढे झुकवते आणि दुबळा गुडघा मुडपू नये म्हणून स्वतःच्या गुडघ्याचा टेकू देते. हा टेकू कधी सैल करायचा, ते मांडीवर ठेवलेल्या तिच्या तळहाताला कळतं. आधार जास्त झाला तर पाय शिकत नाही. कमी पडला तर माणूस कोसळतो आणि मग धास्तीने उठायलाच नकार देतो. शिवाय हे पाच-दहा वेळा करून भागत नाही. अमेरिका-कॅनडातल्या एका पाहणीत हाताच्या उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूतले बदल दिसले ते दिवसाला शेकडो हालचालींनंतर. म्हणजे पहिल्या दिवशी अतिरेक टाळायचा, आणि पुढच्या आठवड्यांत बहुतेक ठिकाणी भरते त्याच्या कितीतरी पट मेहनत करून घ्यायची.

इतके फिजिओ आणायचे कुठून, घरच्यांनाच शिकवा, हा आक्षेप रास्त आहे. तो आपल्याच देशात तपासला गेला. ‘अटेंड’ चाचणीत १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना पद्धतशीर शिकवलं. २०१७ साली निष्कर्ष आला की सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. याचा अर्थ घरचे निरुपयोगी, असा नाही; दोन्ही गटांना रुग्णालयातले नेहमीचे उपचार मिळतच होते. कारण चाचणी सांगत नाही, पण माझा तर्क असा की शिकवलेला व्यायाम घरचे निष्ठेने करतात, तो कधी वाढवायचा हे त्यांना कोणी पुन्हा येऊन सांगायला हवं. त्यांच्या हातात फार मोठी गोष्ट आहे ती खांद्याची. लुळ्या हाताचा सांधा खोबणीत धरणारे स्नायू सैल पडलेले असतात. उठवताना दंड धरून ओढलं की खांदा दुखावतो, आणि दुखऱ्या खांद्यापायी हाताचा व्यायाम खोळंबतो. हे टाळणं एका भेटीत शिकवता येतं. मात्रेचं तसं नाही. डिस्चार्जच्या कागदावर प्रत्येक गोळीची वेळ लिहिलेली असते, व्यायामापुढे मात्र ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी’ एवढंच. तिथे किती वेळा, किती आधाराने आणि पुन्हा कोण, कोणत्या तारखेला तपासणार, हे लिहिलं गेलं पाहिजे.